दोन सुइणी आणि अकराचं विमान

चार दिवसांत सिरोंकाने हेल्मीबाईंना एन्दुतूच्या माळावरचं सगळं दाखवलं होतं, फक्त ज्यासाठी त्या आल्या होत्या ते सोडून. फेब्रुवारी अर्धा सरला होता. नजर जाईल तिथवर विल्डबीस्ट, म्हणजे गाईच्या तोंडवळ्याची रानहरणं, आणि दिवसाला हजारोंनी पाडसं जन्माला येत होती. पण सिरोंकाची गाडी पोचायची ती एकतर पाच मिनिटं उशिरा, नाहीतर इतकी लवकर, की आडवी झालेली मादी गाडी बघून कळा आवरायची आणि उठून चालू लागायची. दुसऱ्या गाडीचा एलिबारिकी रोज संध्याकाळी वायरलेसवर विचारायचा, "काय रे, झालं का कोणी मोकळं? का तुझं तोंड बघून सगळी परत आत जातायत?"

वीस वर्षं पाहुणे फिरवणाऱ्या माणसाला हे झोंबणारच. त्यात आज शेवटची सकाळ होती आणि बाईंचं विमान अकराला.

हेल्मीबाई फिनलंडच्या, वय बहात्तर. चाळीस वर्षं दवाखान्यात सुईण होत्या आणि प्रत्येक जन्माची नोंद त्यांनी वहीत केली होती. शेवटचा आकडा सहा हजार दोनशे चौदा. पहिल्याच संध्याकाळी त्या म्हणाल्या होत्या, "एवढी बाळं या हातांनी घेतली, पण दर वेळी घाईत, दिव्याखाली, घड्याळाकडे बघत. आता एक जन्म असा बघायचाय, जिथं माझी काडीचीही गरज नाही."

सिरोंकाने हे आईला फोनवर हसत हसत सांगितलं. आई हसली नाही. "शहाणी बाई आहे," ती म्हणाली. "शेवटच्या दिवशी मलाही घेऊन चल."

त्याची आई नारामत एन्दुलेनच्या डोंगरावरची सुईण. निम्म्या गावाने पहिला श्वास घेतला तो तिच्या हातात. पण विल्डबीस्टचं बाळंतपण तिने जन्मात पाहिलं नव्हतं, आणि पाहणार तरी कशी? या दिवसांत माळावरचं गवत वर्षातलं सगळ्यात गोड असतं, आणि नेमकं तेव्हाच तिचे मसाई लोक आपल्या गाई डोंगरावर चढवतात. जिथं विल्डबीस्टचं पाडस पडलं, तिथल्या गवताला गाईने तोंड लावलं की तिचे डोळे पांढरे होतात आणि गाय जाते. म्हणून गोड गवत त्यांचं, कोरडं आपलं, असा वाटा कधीचाच ठरलेला. नारामतने सत्तर फेब्रुवारी डोंगरावरून खाली बघत काढले होते.

आज पहाटे ती गाडीत चढली ती काखेत दुधाने भरलेला पोकळ भोपळा आणि दुधाने देवाला शिंपण घालायची लाकडी पळी घेऊन. बसायच्या आधीच तिने बजावलं, "मी खाली उतरणार नाही. या मातीतलं काही चपलेला लागलं तर ते माझ्या गाईंच्या दारात जायचं."

"येयो, उतरायला कोण सांगतंय तुला?" सिरोंका म्हणाला. मसाईत आईला येयो म्हणतात.

"तुझा काय भरवसा? गेल्या खेपेला मला हॉटेलात जेवायला नेलंस आणि बेडकाच्या पायासारखं काहीतरी वाढलंस."

"ती कोंबडी होती."

"तेच म्हणते मी."

हेल्मीबाईंनी विचारलं, आई काय म्हणतात? सिरोंकाने सांगितलं, तुम्हाला भेटून आनंद झाला म्हणते. दोघी म्हाताऱ्यांनी एकमेकींचे हात हातात घेतले, उलटेपालटे करून बघितले, बोटांची पेरं दाबून बघितली. मग हेल्मीबाईंनी वही उघडून आपला आकडा दाखवला आणि यांचा किती, असं खुणेने विचारलं.

नारामतने तोंड फिरवलं. "सांग तिला, लेकरं आणि गाई मोजत नसतात. मोजलं की कमी होतात. एक नसलं तर मला बघताक्षणी कळतं, आकडा कशाला हवा?"

हे मात्र सिरोंकाने जसंच्या तसं सांगितलं. हेल्मीबाई विचारात पडल्या आणि त्यांनी वही मांडीवरून बाजूला ठेवली.

आठच्या सुमाराला एका ओहोळापाशी नारामतने मुलाच्या खांद्यावर थाप मारली. "थांब. इंजिन बंद कर. ती आडवी पडलेली नको, ती नुसती रवंथ करतेय. तिच्या पलीकडची बघ. शेपूट उचलून फिरतेय, पोटाकडे वळून बघतेय. आता गाडी थोडी मागे घे. आणि तिच्याकडे टक लावून बघू नका दोघं. बाळंतिणीकडे असं बघतात होय?"

गाडी मागे गेली. मादीने दोन चकरा मारल्या, बसली, उठली, परत बसली. मग शेपटीखाली दोन पांढुरके खूर दिसले. हेल्मीबाईंनी श्वास रोखला. सिरोंकाने मनातल्या मनात एलिबारिकीला एक शिवी हासडली आणि सुखाने मागे टेकला.

तेवढ्यात गाडीच्या चाकाला काहीतरी घासलं.

पाडस होतं. तासा-दोन तासांचं असेल, नाळ अजून ओली होती. पहाटे तरसं आली असणार, कळप उधळला असणार, आणि हे मागे राहिलं असणार. जन्मल्यावर जे मोठं आणि हलणारं पहिल्यांदा दिसेल त्याच्यामागे जायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्याने गाडीचा टायर हुंगला, मडगार्डला डोकं मारलं आणि दूध शोधू लागलं. उंचवट्यावर एक तरस निवांत बसलं होतं. घाई नसलेल्या गिऱ्हाइकासारखं.

"आपण नुसते निघून जातो अशा वेळी," सिरोंका म्हणाला. "वेगाने जायचं, म्हणजे ते मागे लागत नाही."

"आणि मग?" नारामतने तरसाकडे हनुवटी केली.

सिरोंकाने हेल्मीबाईंना सगळं समजावलं. समोर बाळंतपण, वीस मिनिटांत होईल. पाडसाला कळपाकडे न्यायचं तर पाऊण तास जाईल, आणि मग हे हुकलंच. दुसरी शोधायला वेळ उरणार नाही, धावपट्टी इथून दोन तासांवर.

हेल्मीबाईंनी त्या दोन खुरांकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाल्या, "तिला माझी गरज नाही. याला आहे. चला."

"काय म्हणाली?" नारामतने विचारलं. सिरोंकाने सांगितलं. नारामतने बाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला तो पुढे बराच वेळ काढलाच नाही.

"आता त्याने आपल्याला आई मानलंय," ती मुलाला म्हणाली, "तर आईसारखा चाल. सावकाश. आणि तो भोंगा वाजवलास तर कानफटात देईन."

गाडी बाळंतिणीच्या चालीने निघाली. पाडस सावलीला धरून दुडदुडत होतं. कळप किलोमीटरभर लांब. पहिल्या मादीने त्याला हुंगलं आणि शिंगाने ढकललं. दुसरीने हुंगायचेही कष्ट घेतले नाहीत. विल्डबीस्टच्या बायका परक्याचं पोर सांभाळत नाहीत, हे सिरोंकाला माहीत होतं. समोर पाच-सहाशे माद्या होत्या आणि त्याला सगळ्या एकसारख्याच दिसत होत्या.

नारामतला तशा दिसत नव्हत्या. तिने डोळे बारीक करून कळपावरून एकदा नजर फिरवली. "ती. जी पुढे जाते आणि परत मागे येते. वार लोंबतेय, कास तटतटलीय आणि जवळ पोर नाही. ऐक, ओरडतेय बघ."

सिरोंकाने गाडी अशी लावली, की वाऱ्याने पाडसाचा वास तिच्यापर्यंत जावा. मादी फुरफुरली, दोन पावलं आली, गाडीला बिचकून थांबली. पाडस चाकाआड लपलं.

"आता आपण नकोसे झालो," नारामत म्हणाली. "पळ!"

गाडी झटक्यात मागे गेली. पाडस उघड्यावर एकटं, गोंधळलेलं. मादी धावत आली. तिने शेपटीपासून डोक्यापर्यंत त्याला हुंगलं, आणि वळून कास पुढे केली. पाडसाने ढुसणी मारली. दूरवरूनही त्याची शेपटी हलताना दिसत होती.

हेल्मीबाई रडत होत्या. नारामतही रडत असावी, पण तिने सिरोंकालाच झापलं, "बघत काय बसलास? हिचं विमान आहे ना?"

ओहोळापाशी मघाची मादी आपलं ओलं पाडस चाटत उभी होती. झालं होतं सगळं. हेल्मीबाईंनी खिडकीतून हात हलवला, ओळखीच्या बाईला हलवावा तसा.

अकरा वाजून दहा मिनिटांनी गाडी धावपट्टीवर पोचली. विमान जागेवरच होतं, आणि पायलट पंखाच्या सावलीत बसून केळं खात होता.

"उशीर झाला, माफ करा," सिरोंका धापा टाकत म्हणाला.

"कसला उशीर?" पायलटने केळ्याच्या सालीने समोर दाखवलं. "मी तासभर इथंच आहे. बाईसाहेबांनी जागा निवडलीय."

गवताळ धावपट्टीच्या बरोबर मधोमध एक मादी आडवी पडली होती. खूर दिसत होते, त्यावर टेकलेलं नाकही. तिला कोणी हाकलत नव्हतं, आणि बिचकून उठण्याच्या पलीकडे ती गेली होती.

तिघं गाडीत तशीच बसली. मादीने कळ दिली. खांदे आले. हेल्मीबाईंचे हात नकळत पुढे झाले, तळवे वर, घसरतं बाळ झेलायला चाळीस वर्षं होत होते तसे. नारामतने ते अलगद धरले आणि बाईंच्या मांडीवर परत ठेवले. मादीने एकदा जोर केला आणि पाडस गवतात घरंगळलं. ते पडलं, उठलं, नाकावर आपटलं, परत उठलं. पायलटचं केळं हातातच राहिलं होतं. सातव्या की आठव्या मिनिटाला पाडस आईमागे चालू लागलं आणि दोघं धावपट्टीवरून उतरली. कोणी त्यांना बोट लावलं नव्हतं.

नारामतने भोपळ्याचं बूच काढलं. पळी दुधात बुडवून खिडकीतून चारी दिशांना शिंपली, आणि शेवटचा सडा त्या दोघांच्या वाटेवर.

"येयो, यांच्यावर?" सिरोंकाने विचारलं.

"सत्तर वर्षं याच दुधाने देवाकडे मागितलं, की यांना माझ्या गाईंपासून लांब ठेव. राहिले बिचारे लांब. आभार नको मानायला?" तिने भोपळा हेल्मीबाईंपुढे धरला. बाई एक घोट प्यायल्या.

मग त्यांनी सवयीने वही उघडली, पेन्सिल काढली. नारामतकडे एकदा बघितलं, आकडा न लिहिताच वही मिटली, आणि पेन्सिल तिच्या हातात देऊन टाकली.