खिडकी नसलेला पडदा

मी पडदा बोलतोय, आणि मला खिडकीसाठी शिवलंय. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला आज बघून ते कुणालाही पटणार नाही. ज्या भिंतीवर मी टांगलेला आहे तिला खिडकीच नाही.

माझं कापड फिकट पिवळं, त्यावर बारीक पानं, आणि मागे पांढरं अस्तर. अस्तराचा आग्रह आईंचा. "परदेशातल्या घरांना मोठमोठ्या खिडक्या असतात म्हणे. उन्हानं कापड विटायला नको," असं त्यांनी शिंप्याला बजावलं होतं. "चारचौघांत मिरवावा असा शिवतो," शिंपी म्हणाला आणि त्यानं शब्द पाळला. माझ्या चुण्या आजही एकसारख्या पडतात. स्वतःची स्तुती स्वतः करू नये, पण पडद्याजवळ मिरवायला दुसरं असतं तरी काय?

आईंना दोन मुली. थोरली लग्नानंतर नवऱ्याबरोबर नोकरीसाठी परदेशी निघाली होती. धाकटी चिमी बालवाडीत शिकवायची आणि आईंजवळ राहायची. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. निघायच्या दिवशी आईंनी मला थोरलीच्या बॅगेत सगळ्यात वर ठेवलं. "घरात पाऊल टाकलंस की आधी पडदा लाव गं. त्याशिवाय घर आपलं वाटत नाही," त्या म्हणाल्या. माझी मान ताठ झाली. बॅगेत घडी होऊन पडलो होतो, तरी झाली.

बाहेर निघालो तो एका अंधाऱ्या खोलीत. मोठ्या खोलीत मधोमध प्लायवूड ठोकून तिचे दोन भाग केले होते. प्लायवूडच्या पलीकडे दुसरं बिऱ्हाड, अलीकडे हे दोघं. एक पलंग, एक शेगडी आणि कपडे टाकायला दोरी. थोरली मला छातीशी धरून स्वतःभोवती फिरली आणि म्हणाली, "अहो, खिडकी कुठंय?"

"बघू," तो म्हणाला. जणू काही खिडकी मागून सामानाच्या टेम्पोत येत होती!

कामाचीही तीच गत झाली. त्याला हिशेबनीस म्हणून बोलावलं होतं, पण दोघंही लागले हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या एका लॉन्ड्रीत. तो ओल्या कपड्यांच्या ट्रॉल्या ढकलायचा. ती गरम रुळांच्या इस्त्रीयंत्रात चादरी सारायची. मुकादमानं पहिल्याच दिवशी दोघांचे पासपोर्ट काढून घेतले. करार दोन वर्षांचा, तो पुरा केल्याशिवाय ते परत मिळायचे नव्हते. ती घरी यायची तेव्हा तिच्या मनगटांवर भाजल्याचे लाल पट्टे असायचे. तो मुकाट्यानं मलम लावायचा.

सुट्टीच्या दिवशी आईंचा व्हिडिओ कॉल यायचा होता. सकाळपासून थोरलीच्या जिवाची घालमेल. खोलीच्या भिंती ओलीनं काळ्या पडलेल्या. "हे बघितलं तर आई जेवायची नाही," ती म्हणाली. तेव्हा त्यानंच डोकं चालवलं. भिंतीत दोन खिळे ठोकून वायर ताणली, तिच्यात माझ्या कड्या ओवल्या आणि माझ्या मागे एक दिवा अडकवला. दिवा लागला मात्र, मी असा उजळलो म्हणून सांगू! बाहेर लख्ख सकाळ झालीय आणि कोवळं ऊन माझ्यातून झिरपतंय, असंच कुणालाही वाटावं.

"अगंबाई, काय उजेड गं तुझ्या घरात!" आई फोनमधून म्हणाल्या. "जावईबापू, घर नशिबानं मिळालं हो. खिडकी कोणत्या दिशेला?"

"पूर्वेला," त्यानं ठोकून दिलं.

"उघड की गं पडदा, बघू दे बाहेरचं."

"नको आई, समोरच्या बिल्डिंगमधले टक लावून बघतात."

तेवढ्यात पलीकडच्या बिऱ्हाडातले आजोबा जोरात खोकले. "टीव्ही चालू राहिलाय वाटतं," तो म्हणाला, आणि आईंना तेही खरं वाटलं. फोन ठेवल्यावर दोघं पोट धरून हसली. त्या खोलीत मी ऐकलेलं ते पहिलं हसू. खोटं कशाला सांगू, मलाही माझा अभिमानच वाटला.

मग दर सुट्टीला हेच चालू झालं. खिडकीबाहेर आधी झाड आलं, मग झाडावर पाखरं आली. आई शेजारणींना बोलावून बोलावून माझं दर्शन घडवू लागल्या. जावई पांढराशुभ्र शर्ट घालून ऐटीत बसायचा, खाली लॉन्ड्रीची डागाळलेली पँट तशीच. मी समोरून असा मिरवत होतो आणि पाठीमागून मला ओल चढत होती. थोरलीला खोकला लागला होता, तो फोनपुरता ती दाबून धरायची.

अशाच एका सुट्टीला आईंच्या खांद्यावरून चिमीचं तोंड पुढे आलं. "ताई, गंमत सांगू? मी पण येतेय! तुमच्याच कंपनीचा एजंट आलाय इकडे. बायका हव्यात म्हणतो. शाळेत सांगितलंय मी, महिनाअखेर सोडणार म्हणून."

थोरलीनं कसंबसं "अगं वा" म्हटलं आणि फोन ठेवला.

"येऊ दे की," तो म्हणाला. "तेवढीच तुला सोबत."

मला तिचा चेहरा दिसत होता. चिमी इथे येऊ नये हे तिला कळत होतं, आणि चिमी तिला हवीही होती. दिवसभर यंत्राच्या घरघरीत उभं राहायचं, घरी येऊन गप्प नवऱ्यासमोर जेवायचं. आपलं माणूस जवळ असावं असं कुणाला वाटणार नाही? त्या मोहापायी ती पुढच्या सुट्टीलाही बोलली नाही, त्याच्या पुढच्या सुट्टीलाही नाही.

आणि एके दिवशी ती कामावरून आली ती चप्पलही न काढता पलंगावर बसली. शेजारच्या यंत्रावर काम करणाऱ्या पोरीचा हात रुळांत गेला होता. "चिमीएवढीच आहे हो," ती म्हणाली. "तिला उचलून नेलं, यंत्र पुसलं आणि मुकादमानं मला सांगितलं, आता इथे तू उभी राहा." जेवण तिला गेलंच नाही. "मी आईला सगळं सांगणार."

"सांग, आणि माझी अब्रू घालव. तुझी आई आख्ख्या गल्लीत सांगत सुटलीय, जावयानं पूर्वेच्या खिडकीचं घर घेतलं म्हणून."

"तुमच्या अब्रूपेक्षा चिमीचे हात मोठे आहेत मला."

सुट्टीच्या सकाळी तिनं दिवा लावू दिला नाही. फोन लागताच तिनं मला धरलं आणि एका हिसक्यात बाजूला सारलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मी उघडलो होतो. तिनं फोन जवळ नेऊन काळी भिंत दाखवली, प्लायवूड दाखवलं, स्वतःची मनगटं दाखवली, त्या पोरीच्या हाताचं सांगितलं. "आई, चिमीला पाठवू नकोस. तुझ्या पाया पडते. आम्ही खोटं बोललो."

आईंनी फोन डोळ्यांजवळ नेला.

"ही कुणाची खोली दाखवतेस?" त्यांनी विचारलं.

"आमचीच गं!"

"तुमच्या घरात ऊन येतं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय." आई म्हणाल्या. "स्वतःचं बस्तान बसलं, आता धाकटीनं यायचं म्हटलं तर पोटात दुखायला लागलं तुझ्या? तिच्यासाठी इतकं नाटक?"

"अगं आई, देवाशपथ..."

"शपथा घेऊ नकोस." आणि मागून चिमीचा रडवेला आवाज आला, "ताई, माझ्या जागेवर दुसरी बाई घेतली शाळेनं. आता तरी असं नको ना बोलू."

फोन बंद झाला. मी वायरीवर लोंबकळत होतो. मी इतकं बेमालूम काम केलं होतं की खरं सांगणारी पोटची पोर खोटी पडली. मला शिवणाऱ्या शिंप्याचा त्या दिवशी पहिल्यांदा राग आला.

चिमी आली. तिचाही पासपोर्ट मुकादमाकडे गेला. खोलीत आल्यावर तिनं मला हलकेच सरकवून मागची भिंत बघितली, भिंतीला हात लावला, ओला झालेला तळवा ड्रेसला पुसला. मग ताईच्या गळ्यात पडून ती खूप रडली. ती पलंगाशेजारी खाली झोपते. तिच्या मनगटांवरही आता पट्टे उठलेत.

परवाच्या सुट्टीला थोरली म्हणाली, "तू सांग आईला. तुझ्यावर तिचा विश्वास बसेल."

"सांगून काय होणार, ताई? दोन वर्षं आपण इथून हलत नाही. तिकडे ती एकटी आहे. रोज झुरत बसेल." चिमीनं केस विंचरले, बाह्या खाली ओढल्या आणि फोन उचलला. "आई, मी मजेत आहे गं! घर अगदी तू बघितलंस तसंच आहे."

"मला माहीतच होतं," आई म्हणाल्या. "दे तुझ्या ताईला. निदान आता तरी तिला आपली चूक कळली का, विचारते."

थोरलीनं फोन घेतला. चिमी तिच्याकडे बघत हात जोडून उभी होती. नवरा खाली मान घालून बसला होता.

"चुकलं माझं, आई," थोरली म्हणाली. "मला चिमीचं चांगलं बघवलं नाही."

"असू दे. आई आहे मी, मनात नाही ठेवणार," आई म्हणाल्या आणि इकडच्या तिकडच्या गोष्टी बोलू लागल्या.

माझं अस्तर आता कुजायला लागलंय. थोरली ते घासते, पण डाग पुन्हा येतात. मी फार दिवस टिकेन असं वाटत नाही. तुमची लेक, सून, भाऊ परदेशात असेल आणि फोनवर त्यांच्या मागे माझ्यासारखा एखादा देखणा पडदा दिसत असेल, तर माझं एवढं ऐका. त्यांनी कधी तो बाजूला सारून काही दाखवायला घेतलं, तर त्यांना मधेच तोडू नका. हे सांगायला त्यांना फार दिवस लागलेले असतात.