कमी पडलेली स्प्रिंग

बंदूक दुरुस्तीला आणणारा माणूस आधी सल्ला देतो आणि मग बंदूक देतो. माझं डोकं तिथेच फिरतं. भद्रकालीत माझं दुकान आहे, परवाना भिंतीवर टांगलाय, आणि काउंटरच्या अलीकडे फक्त माझी अक्कल चालते, असं मी तोंडावर सांगतो. ओझरच्या कारखान्यातली टूलरूमची नोकरी मी ह्याच तोंडापायी घालवली. आमचे वडील रामकुंडावर यजमानांचे विधी करायचे. "भटाच्या घरात हा लोहार कुठून जन्माला आला?" असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत. धाकटी बहीण श्यामला मात्र त्यांच्या वळणावर गेली. घरात नवी सुरी आली तरी तिला कुंकू लागल्याशिवाय ती भाजी चिरायची नाही.

मी हे सांगतोय ते तिच्यासाठी. ती गेली त्याला आता चार वर्षं झाली.

तिची एकुलती एक मुलगी संपदा. बाप लवकर गेला, तेव्हा मामा म्हणून जे करायचं ते मीच केलं. कार्टी कॉलेजात गेली आणि पिस्तूल नेमबाजीच्या नादाला लागली. हात असा स्थिर की बघत राहावं. तिला मुंबईच्या एका नेमबाजाचं जुनं पॉइंट टू टू पिस्तूल मिळालं. पिस्तूल लाखात एक, पण मॅगझिन रडकं. मॅगझिन म्हणजे गोळ्यांची डबी. आत स्प्रिंग असते, स्प्रिंगच्या डोक्यावर एक छोटी ठोकळी असते, तिला फॉलोअर म्हणतात. गोळ्या त्या ठोकळीवर बसून एकामागून एक वर येतात. हिच्या डबीत चौथी गोळी आली की नाक खाली घालून अडायची.

पिस्तूल येऊन दोनतीन वर्षं झाली होती, तेव्हा २००४ च्या उन्हाळ्यात श्यामलाला यकृताचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की आता औषध फक्त दुखण्यापुरतं. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण ती काय कुक्कुलं बाळ होती? मला म्हणाली, "विश्वेश, दसरा झाला की संपदाची पुण्याला निवड चाचणी आहे. राज्याच्या संघात तिचं नाव लागलं एवढं ऐकू दे. मग यमाला म्हणेन, चल बाबा, कुठे यायचं ते सांग."

"वाट्टेल ते बोलू नकोस," मी ओरडलो. माझं रडणं असंच बाहेर पडतं.

मग मी त्या मॅगझिनच्या मागे हात धुऊन लागलो. जुनी स्प्रिंग म्हातारी झाली होती. सातपूरला माझ्या ओळखीचा एक स्प्रिंगवाला आहे, सहादू. त्याच्या डोक्यावर बसून मी चांगल्या तारेच्या नव्या स्प्रिंगा वळवून घेतल्या. पहिल्या फार कडक झाल्या, दुसऱ्या वाकड्या बसल्या. सहादू म्हणाला, "विश्वेशभाऊ, एवढ्यात मी ट्रॅक्टर उभा केला असता." जुना फॉलोअर पत्र्याचा होता आणि एका बाजूला कलायचा. तो फेकला. पांढऱ्या नायलॉनच्या दांड्यातून दोन मॅगझिनसाठी दोन नवे फॉलोअर कापले, कानशीने घासले, काचेसारखे गुळगुळीत केले. संपदा रेंजवर गेली, दिवसभर गोळ्या झाडल्या, एक अडली नाही. घरी येऊन तिने आईच्या हातात तो पांढरा तुकडा ठेवला.

"हे मामाने केलं."

श्यामलाने तो उलटसुलट करून पाहिला. "बाबा असते तर दाखवला असता," ती म्हणाली. "लोहार म्हणायचे ना याला!"

मी सांगतो, सरकारने पदक दिलं असतं तरी मला एवढं बरं वाटलं नसतं.

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रांची पूजा असते. श्यामला दरवर्षी संपदाच्या पिस्तुलाला हळदकुंकू वाहायची आणि मी दरवर्षी तिच्या बोकांडी बसायचो. "अगं, हे यंत्र आहे, तुळशीवृंदावन नाही. मुठीला गंध लाव आणि बास कर." ती चिडवायची, "तुझ्या यंत्राला तेल चालतं, कुंकू चालत नाही होय?" तिची पाठ वळली की मी सगळं पुसून ठेवायचो. पण नवमी म्हणजे दुकानात माझा सगळ्यात गर्दीचा दिवस. ज्याच्या घरी बंदूक त्याला ती पूजेआधी साफ करून हवी. त्या वर्षी मला तिच्याकडे फिरकायलाच जमलं नाही.

चाचणीच्या दिवशी मी दुकान बंद ठेवून श्यामलाजवळ बसलो. फोन तिच्या उशाशी आणून ठेवला होता. तिला पाणीसुद्धा घोट घोट द्यावं लागत होतं, पण नजर फोनवर. दुपारी तो वाजला. मी उचलला.

"मामा, दोनदा अडलं," संपदा म्हणाली. "पहिल्या वेळेला पंचांनी परत संधी दिली. दुसऱ्यांदा नसते. थोडक्यात गेलं, मामा."

श्यामलाने हात पुढे केला. मी रिसीव्हर तिच्या कानाशी धरला. ती एवढंच म्हणाली, "असू दे गं. जेवलीस का?" आणि मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पुढची चाचणी वर्षाने होती. तिच्यापाशी वर्ष नव्हतं, हे त्या खोलीत आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. माझी स्प्रिंग? माझा फॉलोअर? शक्यच नाही! संध्याकाळी संपदा घरात आली तशी मी तिच्या हातातली पेटी ओढून घेतली आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवली.

"हाताळलंस कसं ते सांग. कुठे पाडलंस? वाळू गेली का आत?"

"मामा, नको उघडू."

"का नको उघडू? माझं काम आहे ते!"

मी मॅगझिनचा तळ काढला. स्प्रिंग बाहेर आली ती लाल. तेलात कालवलेलं कुंकू वेटोळ्यांत भरलं होतं, हळदीचे गोळे झाले होते, आणि डबीच्या भिंतीला एक तांदळाचा दाणा चिकटला होता. अक्षता. माझा पांढरा फॉलोअर एका बाजूने पार माखला होता. दुसरं मॅगझिन उघडलं, तेही तसंच.

संपदा ओट्याला टेकून उभी होती. हळू आवाजात म्हणाली, "तू नव्हतास नवमीला. आई म्हणाली, मला उठवून बसव. उशा लावून बसवलं. पिस्तुलाला कुंकू लावलं, मग म्हणाली, विश्वेशने केलेला तो नवा तुकडा कुठे असतो? नव्या वस्तूला आधी लावायला हवं. मी दाखवलं. तिने बोटाने आत दाबून लावलं."

"आणि तू पुसलं नाहीस? एवढी शिकलेली तू, तुला कळू नये?"

"कळलं होतं. निघायच्या सकाळी कापड घेऊन बसले होते मी. नाही पुसवलं. तिची बोटं उमटली होती रे त्यावर. नुसती फुंकर मारली. म्हटलं, एवढ्याने काय होतंय."

माझ्या तोंडात शिवी आली होती. ती कुणाला द्यायची ते कळेना. मी नळ सोडला आणि तोंडावर पाण्याचे हबके मारत राहिलो.

बाहेरच्या खोलीतून श्यामलाचा आवाज आला. "विश्वेश, उघडलंस का? काय निघालं?"

संपदाने माझा दंड धरला. तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. आयुष्यात मी कुणापुढे 'माझं काम चुकलं' म्हटलेलं नाही. नोकरी गेली तेव्हासुद्धा नाही. मी हात पुसले आणि बाहेर गेलो.

"स्प्रिंग कमी पडली," मी म्हणालो. "माझंच चुकलं."

श्यामला रागावली. अंगात जीव नव्हता, तरी रागावली. "तरी म्हणत होते, स्वतःची फार घमेंड बरी नाही. पोरीचं वर्ष घालवलंस." मी मान खाली घालून ऐकून घेतलं. बघायला येईल त्या नातेवाइकाला ती सांगायची, "पोरीचा हात चुकला नाही हो. भावाने स्प्रिंग बसवली ती कमी पडली." ते माझ्याकडे बघायचे. मी म्हणायचो, "हो ना." सहादूच्या कानावर गेलं तेव्हा तो दुकानात भांडायला आला. त्यालाही म्हटलं, तुझी तार चांगली होती बाबा, मोजमाप माझं चुकलं.

भाऊबीजेला ती उठूच शकली नाही. संपदाने ताट धरलं आणि मी पलंगाशी वाकलो. श्यामलाचं बोट कुंकवात गेलं, माझ्या कपाळापर्यंत पोचेना, तेव्हा मीच तिचा हात धरून वर नेला. कुंकू लागलं, अक्षता लागल्या, दोन दाणे चादरीवर पडले. संपदा ताट घेऊन तशीच उभी होती, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"विश्वेश," श्यामला म्हणाली, "मी फार बोलले तुला. राग नाही हं माझ्या मनात. होतं असं माणसाच्या हातून. मी माफ केलं."

"बरं," मी म्हणालो.

तुळशीचं लग्न तिने पाहिलं नाही.

भाऊबीजेला तिच्याकडून निघालो तो तसाच दुकानात गेलो होतो. दरवर्षी मी वाटेतच कपाळ पुसायचो, घाम आला की ते डोळ्यात उतरतं आणि काम होत नाही. एक गिऱ्हाईक रायफल घेऊन उभं होतं. म्हणालं, "भाऊ, कुंकू ओघळलंय नाकावर. पुसा की."

मी त्याला म्हटलं, तुम्ही तुमची रायफल सांभाळा, ते राहू दे.