पूल मागणारा कर्णा

मित्रांनो, मी एक जुना कर्णा आहे. मुक्ताईनगरजवळच्या केळीच्या गावात भिकनकाका मांडव आणि आवाजाचं काम करतात. त्यांच्या खोलीत खुंटीला टांगलेला, काठाला पोचा पडलेला, तो मीच. मला पत्र्यातून कुणी घडवलं ते ठाऊक नाही. पण जळगावहून काकांनी मला एसटीत मांडीवर बसवून आणलं, लेकरासारखं.

मी लग्नं गाजवली, निवडणुकीच्या सभा गाजवल्या. आमच्या गावाची एक रीत आहे. पाहुणा बोलला की माईक गावातल्या सगळ्यात वडील माणसाच्या हाती द्यायचा. मग मोठमोठे पुढारीही घाम पुसत उत्तरं द्यायचे, आणि लोक म्हणायचे, काय खणखणीत आवाज आहे.

पुढे हितेंद्रभाऊ पुढारी झाले आणि सभा मोबाइलमध्ये गेल्या. भाऊ रोज लाइव्ह यायचे, ‘मी तुमचाच मुलगा’ म्हणायचे. खाली लोकांच्या लाल बदामांचा पाऊस. इकडे माझ्यात चिमण्यांनी घरटं केलं.

त्याच सुमारास गावातल्या नूतनची मुलगी अंगणवाडीत जाऊ लागली. वाटेत नाला. पावसाळ्यात नूतन तिला कडेवर घेऊन पाण्यातून जायची. एकदा पाय घसरला, दोघी थोडक्यात वाचल्या. तिने भाऊंच्या लाइव्हखाली लिहिलं, ‘भाऊ, नाल्यावर पूल हवा.’ ती ओळ कुणीतरी पुसून टाकली. वर गावातलीच पोरं तिला ‘विरोधकांची’ म्हणू लागली.

हिवाळ्यात भाऊ शेतातल्या भरिताच्या जेवणाला आले. कॉलरला इवलासा माईक लावून मोबाइलकडे बघत लाइव्ह बोलू लागले. समोरच्या गावाला काही ऐकूच येईना.

“भाऊ, तुमी त्या मोबाइलशीच बोलून राह्यले,” गावात सगळ्यात वडील असलेल्या झुंबरबाई म्हणाल्या. “आमी काय नुसती वांगी सोलाले बसलो का?”

हशा पिकला. भाऊही हसले. नूतन उठली, काकांच्या खोलीतून मला घेऊन आली. रिकामं घरटं तिने हलकेच वळचणीला ठेवलं होतं.

भाऊ माझ्यातून छान बोलले. रीतीप्रमाणे माईक झुंबरबाईंकडे आला. त्यांनी तो नूतनला दिला. “तू बोल, माय.”

नूतनचा आवाज कापत होता. मी तो जपून मोठा केला. तिने पूल मागितला, तसा भाऊंच्या माणसाने मोबाइल खाली घेतला.

“राहू दे चालू,” झुंबरबाई म्हणाल्या. “मुलगा म्हनता ना? मंग मुलाचं उत्तर साऱ्यायले ऐकू द्या.”

भाऊंनी नूतनच्या हातून माईक घेतला. मग म्हणाले, “पावसाळ्याआधी पूल होईल.”

आणि झाला. शब्द पाळला म्हणून मी भाऊंचा आभारी आहे. तो शब्द गावोगाव नेणाऱ्या मोबाइलचाही. नूतनचा तर फारच. ती मला अजून ओल्या फडक्याने पुसते.

मित्रांनो, माझ्या तारा उंदरांपासून जपा. आणि कुणी कितीही गोड बोललं, तरी त्याचं बोलणं संपल्यावर माईक मागा.

परवा अंगणवाडीत कार्यक्रम होता. नूतनची मुलगी मोठ्या मुलींचा हात धरून पुलावरून आली, माईकजवळ उभी राहिली. नाल्याच्या अलीकडे, घराच्या ओट्यावर आई कान लावून होती.

“आई,” ती माझ्यातून म्हणाली, “मी पोचली.”