दोन झटके

“भावजी, वायर काढली की ह्यांनी सकाळी ओढायचं काय?” वहिनींनी खिडकीशी बसलेल्या उस्तादांकडे बघत विचारलं आणि माझ्या हातातली पक्कड हातातच राहिली.

लेझरचं कव्हरेज वाढत वाढत अखेर टेकडीपर्यंत आलं होतं. वीजही हवेतून, इंटरनेटही हवेतून. मनोऱ्यावरून निघालेला, डोळ्यांना न दिसणारा झोत आधी उस्तादांच्या घरी येणार आणि तिथून खाली माझ्या घरी. जुन्या वायरी उतरवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

हा धंदा मला उस्तादांनीच शिकवला. नळीतून वायर सारली की पलीकडच्यानं दोन झटके द्यायचे, म्हणजे पोचली. पुढे अर्धांगवायूनं त्यांची वाचा गेली, सवय काही गेली नाही. आमच्या दोन घरांमधली वायर ते रोज सकाळी सहाला डाव्या हातानं दोनदा ओढायचे. खाली माझ्या स्वयंपाकघरात ती वायर गुंडाळलेल्या खिळ्यावरची गाळणी वाजायची. मीही दोनदा ओढायचो आणि मगच चहा गाळायचो. त्या आवाजाशिवाय मला चहा गोड लागत नसे.

इंजिनीअरबाईंनी बजावलं होतं, “यंत्र छपरावरच लावा. झोतात काही आडवं आलं की पुरवठा आपोआप बंद होतो.”

“हात आला तरी?”

“हो. पण तिथं हात कोण घालणार, काका?”

मी यंत्र खिडकीच्या चौकटीला लावलं, उस्तादांचा डावा हात पोचेल असं. ते अर्ध्या तोंडानं हसले. वहिनी म्हणाल्या, “दोघंही म्हातारे झालात, अक्कल नाही आली.”

दुसऱ्या दिवशी सहाला माझा दिवा दोनदा विझला. मला उत्तर द्यायची सोय उरली नव्हती, तरी मी मोठ्यानं म्हणालो, “पोचली!”

महिन्याभरानं बाईंनी गाठलंच. “काका, तुमची लाइन रोज सहाला दोनदा तुटते. काय आडवं येतं?”

“पक्षी.”

“रोज त्याच वेळी?”

“वेळेचा पक्का आहे.”

त्यांनी वहीत ‘पक्षी’ असं लिहून घेतलं.

थंडी सरता सरता त्यांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. “काका, तेरा दिवस झाले, लाइन एकदाही तुटली नाही. पक्षी गेला वाटतं!”

“गेला,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशीही सहाला उठलो. चहाचं आधण ठेवलं, गाळणी हातात घेतली आणि थांबलो. चहा उकळून उकळून आटला. दिवा काही विझला नाही.