पुढच्या वर्षीचं मॉडेल

मार्च लागला की हॉलिस लँडिंगमध्ये दुसरा विषयच नसतो. वर डोंगरावर अजून पुरुषभर बर्फ असतो, पण क्लबातल्या शेगडीभोवती बसलेले लोक पुढच्या हिवाळ्यातल्या स्लेडवरून, म्हणजे बर्फावर पळणाऱ्या मोटारगाड्यांवरून, भांडत असतात.

"सॉटूथ हलकी आहे रे," ड्वेन टिस्डेल म्हणायचा. "झाडांमधनं वळवताना नुसतं कमरेनं सांगायचं."

"हलकी असणारच. निम्मे भाग वाटेत गळतात ना!" कीवाटिन कंपनीची स्लेड घेतलेला कुणीतरी म्हणायचा.

"आणि तुमची कीवाटिन? म्हैस आहे ती म्हैस. चढते, मान्य. पण रुतली की उपसायला चार माणसं आणि एक पाद्री लागतो."

मी क्लबचं बर्फ दाबायचं यंत्र चालवतो, वाटा करून ठेवतो. त्यामुळे दोन्हीकडचे मला आपला समजतात आणि मी दोघांचीही कॉफी पितो. ड्वेन कट्टर सॉटूथवाला. कंपनीनं नव्या मॉडेलचं नुसतं हँडल दाखवलं तरी हा आठवडाभर त्याच्यावर बोलायचा. टर्बो येणार, नाक हलकं होणार, खालचा पट्टा लांब होणार. बायको पळाली असती तर इतका बोलला नसता.

या गप्पांमध्ये एक माणूस नसायचा. वेस पोपॉफ.

खरं तर वेसइतकं स्लेडमधलं कळणारा माणूस आमच्या खोऱ्यात नव्हता. सॉटूथ कंपनी नवी स्लेड बाजारात आणण्याआधी त्याला चालवायला द्यायची. चार हिवाळ्यांपूर्वी त्यानं कंपनीच्या ब्रेट लॉकरिजला सांगितलं होतं, "खालच्या ओल्या धुक्यातून वरच्या थंडीत गेलं की अंगठ्यानं दाबायचा थ्रॉटल गोठतो. अंगठा उचलला तरी रेस कमी होत नाही." लॉकरिज चाचणीवाल्यांचा प्रमुख. "बघतो," म्हणाला. त्यानंतर आठवड्याच्या आतच ती स्लेड वेसला घेऊन कड्यावरून खाली गेली. खुबा मोडला, मांडी मोडली. वेस जगला, पण कुबडी कायमची आली आणि स्लेड सुटली.

वेस इस्पितळात असताना लॉकरिज क्लबात आला. चेहरा पाडून म्हणाला, "आम्ही मशीन तपासलं. त्यात काहीच दोष नव्हता. घाबरल्यावर माणसाचा अंगठा आखडतो. कुणाचंही होऊ शकतं."

इस्पितळातून घरी आलेल्या वेसला ड्वेननं भर दुकानात हाक मारली, "काय अंगठेबहाद्दर, कसं काय?" लोक हसले. नाव चिकटलं. वेस क्लबात यायचा बंद झाला.

त्याची मोठी बहीण डार्लीन मात्र येत राहिली. बाहेरून येणाऱ्यांना डोंगर दाखवायचं काम ती करते. सडपातळ, अबोल बाई. त्या नावावर लोक हसले तेव्हा ती तिथेच होती. काहीच बोलली नाही. मला तेव्हा वाटलं, गिळलं हिनं. गिळलं नव्हतं. दाढेखाली धरलं होतं.

गेल्या मार्चमध्ये लॉकरिज पुढच्या वर्षीचं मॉडेल घेऊन आला. काळं कापड घातलेली स्लेड, एक कॅमेरावाला, आणि चकाचक नारिंगी जॅकेट. त्याला ताज्या बर्फात चढतानाचं चित्रण हवं होतं. वाटाड्या म्हणून त्यानं डार्लीनला विचारलं. ती लगेच हो म्हणाली.

"जुनं काही मनात नाही ना?" लॉकरिजनं विचारलं.

"मशीन दाखवा," डार्लीन म्हणाली.

कापड काढलं तसे सगळे पुढे झुकले. ड्वेननं तर टोपी काढली. डार्लीननं वाकून थ्रॉटल दोनदा दाबला, सोडला, तारेवर बोट फिरवलं. "रंग छान आहे," एवढंच म्हणाली. मी शेजारीच होतो. थ्रॉटल तोच होता, जुनाच. तिला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे मला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबातले सगळे मागोमाग निघाले. वर जायला कोरडी, सरळ वाट आहे. मीच ती दाबून ठेवली होती. डार्लीननं ती सोडली आणि सगळ्यांना ओढ्याकाठानं नेलं. खाली धुकं इतकं ओलं होतं की बाह्यांवरून पाणी ठिबकत होतं. तिथे ती मुद्दाम थांबत थांबत चालली. मग तिनं एकदम वर, देवदारांच्या पलीकडच्या उघड्या उताराशी आणलं. थंडी अशी की ओल्या मिशा कडक झाल्या.

उतार तिनं विचार करून निवडला होता. वर कडा नाही, धार आहे. धारेपलीकडे अरुंद घळ. माणूस धारेवर पडला तर मऊ बर्फात पडतो. मशीन मात्र थांबलं नाही तर घळीत जातं. आणि मशीन थांबवायला दोरी असतेच. एक टोक जॅकेटला, दुसरं इंजिनच्या बटणाला. माणूस उडाला की इंजिन बंद. त्याची फजिती व्हावी, हाडं शाबूत राहावीत, असा तिचा हिशेब होता. हे तिनं मला नंतर सांगितलं.

पण लॉकरिजनं दोरी लावलीच नाही. कॅमेऱ्यात लोंबताना वाईट दिसते म्हणून खिशात घातली.

डार्लीननं ते पाहिलं. मग हाक मारली, "लॉकरिज, दोरी लाव!"

तो हसला. "हे भावाला सांगायचं होतंस ना तेव्हा!"

मी तिच्याकडे बघत होतो. तिचा चेहरा दगडासारखा झाला. तिनं आपली स्लेड दोन हात मागे घेतली आणि हात जॅकेटच्या खिशात घातले.

लॉकरिज सुटला. खरं सांगतो, मशीन देखणं चढत होतं. बर्फ डोक्यावरून उडत होता, नाक हलकं, आवाज गच्च. ड्वेन ओरडत होता, "बघा, बघा! ही घेणार मी!" धारेखाली लॉकरिजनं वळायला अंग टाकलं. मशीन वळलं नाही. इंजिनचा आवाज तसाच चढत राहिला. आम्हाला खालून त्याचा उजवा हात हवेत दिसला, हँडलपासून लांब, पंजा उघडा. अंगठा कुठेच टेकलेला नव्हता आणि स्लेड तरी पळत होती.

त्यानं उडी टाकली. स्लेड धारेपलीकडे गेली. मग खालून झाडं मोडल्याचा आवाज आला, बराच वेळ.

आम्ही वर पोचलो तेव्हा लॉकरिज छातीपर्यंत बर्फात रुतला होता. एक मनगट वाकडं झालेलं. "थ्रॉटल अडकला!" तो ओरडत होता. "मी सोडला होता! शपथ घेतो, सोडला होता!"

दोघंतिघं फावडी घेऊन धावले.

"थांबा," डार्लीन म्हणाली. आवाज चढवला नाही, पण सगळे थांबले. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली, पिशवीतून आपली पिराही, बटाटा भरलेली भाजकी करंजी, काढली आणि खाऊ लागली.

"अडकला म्हणतोस? पण मशीनमध्ये तर दोष नसतो. घाबरला असशील. कुणाचंही होऊ शकतं."

"डार्लीन, माझा हात मोडलाय!"

"दिसतंय. वेसचा खुबा मोडला होता."

"काय पाहिजे तुला?"

"मला काही नको. मी जेवतेय."

कॅमेरावाल्यानं कॅमेरा खाली केला. तिनं त्याच्याकडे न बघता सांगितलं, "तो चालू ठेव."

ड्वेन पुढे झाला. "अगं, पुरे. माणूस गारठतोय."

"ड्वेन, तू एक पाऊल टाक, मग तुझ्यासाठीही खड्डा आहे."

लॉकरिजचे ओठ निळे पडायला लागले होते. त्यानं इकडे तिकडे पाहिलं. कुणीच नजर देईना. शेवटी म्हणाला, "माहीत होतं. वेसनं सांगितलं होतं. त्याच्या मशीनची तार उघडली तेव्हा आत बर्फ होता. मी खोटं बोललो."

"मोठ्यानं. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

तो मोठ्यानं बोलला. तेव्हा कुठे तिनं बोटं पुसली आणि फावडं घेतलं. उपसताना मात्र तिनं एकटीनं उपसलं. त्याचं मनगट स्वतःच्या गळपट्ट्यानं बांधलं, आणि त्याला आपल्या मागे बसवून खाली आणलं.

ते चित्रण कंपनीपर्यंत गेलं. लॉकरिजची नोकरी गेली, मॉडेल लांबणीवर पडलं. डार्लीननं सगळं भावाला सांगितलं तेव्हा मीही तिथे होतो. वाटलं, तो रडेल, हसेल. तो चुलीवरचं बोर्श्टचं सूप ढवळत होता.

"दोरी नाही हे दिसूनही जाऊ दिलंस?"

"एकदा सांगितलं मी."

"मेला असता तर?"

"नाही मेला."

वेसनं पळी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "लॉकरिज परका माणूस, डार. पोटासाठी खोटं बोलला. ज्यांच्याबरोबर मी वाढलो ते हसले, त्याचं काय?"

डार्लीन जागीच बसून राहिली. तीन हिवाळे तिनं चुकीच्या माणसासाठी राखून ठेवले होते, असं काहीसं तिच्या तोंडावर दिसलं.

क्लबवाले केक घेऊन वेसला आणायला गेले. तो आला. ड्वेननं स्वतः खुर्ची दिली, माफीसारखं काहीतरी पुटपुटला. वेस गोड हसला. पुन्हा सगळे त्याला विचारू लागले, हे घेऊ की ते घेऊ. तो ज्याला त्याला खरा सल्ला द्यायचा. कुणाला कीवाटिन, कुणाला जुनी सॉटूथ.

ड्वेननं विचारलं तेव्हा वेसनं कुबडी बाजूला ठेवली आणि जवळ सरकला. "तुला म्हणून सांगतो. सॉटूथचं रखडलेलं मॉडेल येतंय. थ्रॉटल नवा, टर्बो, वजन आणखी कमी. मला आतली खबर आहे. जुनी विकून टाक. मोकळा राहा."

ड्वेननं त्याच आठवड्यात स्लेड विकली. नोव्हेंबर आला, मॉडेल आलं नाही. "जानेवारीत," वेस म्हणाला. जानेवारीत म्हणाला, "आता कशाला दुसरी घेतोस? पुढच्या वर्षीचं तर याहून भारी आहे म्हणे." ड्वेन मान डोलवायचा. वेस पोपॉफचा शब्द, त्यावर शंका कोण घेणार!

यंदा बर्फ इतका सुंदर पडला की म्हातारेसुद्धा डोंगरावर होते. शनिवारी सकाळी सगळा क्लब धूर सोडत वर गेला. मी यंत्राची टाकी भरत होतो. ड्वेन पायीच वाटेच्या तोंडाशी येऊन उभा राहिला, हात खिशात, मान वर. समोरच्या खिडकीत वेस बसला होता. त्यानं काच थोडी सरकवली आणि प्रेमानं ओरडला, "धीर धर ड्वेन! थांबलास त्याचं चीज होणार!"

ड्वेननं हात हलवून त्याचे आभार मानले.