शतावरीचं दूध

अनुपमा फळ्यासमोर उभी राहिली आणि सव्वीस चोक किती, हे तिला आठवेना. पाचवीचा वर्ग. पोरं आधी गप्प बसली, मग एकानं हळूच उत्तर सांगितलं, मग सगळ्यांनी मिळून ओरडून सांगितलं. तिचा खडू फळ्याला टेकलेला तो टेकलेलाच. शेवटी मुख्याध्यापिका राजेश्री मॅडम आल्या, तिला हाताला धरून ऑफिसात नेलं आणि तिच्या आईला फोन लावला.

महानंदा आली ती हाताची कणीक पदराला पुसतच.

"घाबरू नका काकू," राजेश्री मॅडम म्हणाल्या. "टेन्शन आहे, दुसरं काही नाही. अश्वगंधा चालू करा तिला. रिझल्टच्या दिवसांत मी स्वतः घेते. डोकं असं शांत होतं, नवरा बोललेला ऐकूसुद्धा येत नाही." आणि स्वतःच हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "पण दिवाळीनंतर शिष्यवृत्तीचा वर्ग तिच्याकडं ठेवायचा का, ते बघावं लागेल. पालक विचारायलेत."

शिष्यवृत्तीचा वर्ग म्हणजे अनुपमाचा जीव. तेवढाच उरला होता, असं म्हटलं तरी चालेल. पोळ्याच्या सुमाराला तिला मुलगी झाली होती. दिवस भरत आले होते, पण लेकरू रडलंच नाही. लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणं आठव्या महिन्यात स्वामींनी सासरी, मानवतला येऊन पोटातल्या बाळाच्या नावानं लिंग बांधलं होतं. ते बाळाबरोबरच मातीत गेलं. नवरा शिवप्रकाश तिथंच जिनिंगात कामाला. तो दवाखान्याच्या पायरीवर बसून रडला आणि पुढच्याच आठवड्यात कामावर गेला, कारण कापसाला कुणाच्या घरचं काही कळत नाही. अनुपमा सेलूला आईकडं आली आणि रजा शिल्लक असतानाच शाळेत जायला लागली. घरात बसलं की भिंती अंगावर येतात म्हणाली.

दुःखाला गावात दवंडी लागत नाही. शेजारी मालनबाई असल्या की भागतं. महानंदा शाळेतून पोरीला घेऊन गल्लीत शिरली तेव्हा मालनबाई दारातच उभ्या होत्या.

"फळ्यासमोर चक्कर आली म्हणं?"

"चक्कर न्हाई. आठवना झालं."

"आसं का. आता लवकर दुसरं राहू द्या म्हणावं. त्याच्यासारखं औषध न्हाई."

महानंदानं दार लावून घेतलं. दार कुणाच्या तोंडावर लावायचं नसतं, हे तिला माहीत होतं. लावलं.

संध्याकाळी ती दत्तरावांच्या काष्ठौषधीच्या दुकानात गेली. हिरड्या-बेहड्यांच्या पोत्यांमध्ये दत्तराव चष्मा कपाळावर चढवून बसलेले.

"अश्वगंधा द्या भाऊ. डोक्यासाठी."

"परीक्षेला कोण बसायलंय?"

"बसायलं न्हाई कुणी. मास्तरीण हाय. इसरायलीय."

"झोप?"

"डोळे मिटून पडती. त्याला झोप म्हणायचं का, तुमी सांगा."

"मग नुसती अश्वगंधा न्हाई भागायची. संगट ब्राह्मी घ्या. दुधातून द्या, सकाळ-संध्याकाळ. एकदम गुण यायचा न्हाई बरं का. जरा सबूर करा." पुड्या बांधताना त्यांनी विचारलं, "आजून काही?"

आता इथं महानंदानं निघायला पाहिजे होतं. पण तिची नजर समोरच्या बरणीवर गेली. पांढऱ्या, वाळलेल्या, बोटभर मुळ्या.

"शतावरी पण द्या."

"बाळंतीण हाय का घरात?"

"हाय," महानंदा म्हणाली.

आणि पुड्या पदरात धरून ती दुकानाच्या पायरीवरच बसली. इतक्या दिवसांत त्या पोरीला बाळंतीण म्हणून कुणी म्हटलंच नव्हतं. मानवतला डिंकाचे लाडू झाले नाहीत, अळिवाची खीर झाली नाही, अंग शेकायला शेगडी पेटली नाही. दवाखान्यातल्या नर्सनं छातीला फडकं आवळून बांधलं, दूध आटलं, झालं. विहीणबाई तानुबाईंना महानंदानं फोनवर विचारलं होतं, "लाडू केलेत का?" तर त्या म्हणाल्या, "कुणासाठी करायचे?" म्हणजे कळा आल्या त्या खोट्या? टाके पडले ते खोटे? लेकरू गेलं म्हणून आईचं अंग कोरं होतं काय?

शतावरी कशासाठी देतात हे सेलूत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. महानंदालाही ठाऊक होतं. पण दूध तर आटून गेलेलं. आता आटलेल्या विहिरीला कुठलं पाणी, असा तिचा हिशेब. ताकद तरी येईल. आणि बाळंतिणीला जे द्यायचं ते आपल्या लेकीला एकदा तरी दिलं, एवढं तरी होईल.

तिनं अश्वगंधा आणि ब्राह्मी दुधात उकळली, शतावरी तुपावर परतून त्यात घातली, वर खडीसाखर. अनुपमानं काय आहे, कशाचं आहे, काही विचारलं नाही. हल्ली ती काहीच विचारत नसे. समोर ठेवलं की पिऊन टाकायची.

आणि गुण आला. अनुपमा झोपायला लागली, खरीखुरी, तोंड उघडं टाकून. एकदा भाजीत मीठ जास्त झालंय असं स्वतःहून म्हणाली, तेव्हा महानंदाला आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. शाळेतून निरोप आला की अनुपमा मॅडमनी आज अपूर्णांक घेतले, एकही चूक नाही. महानंदानं देवापुढं साखर ठेवली.

दसरा झाला, आणि एका दुपारी अनुपमा शाळा सुटायच्या आधीच घरी आली. पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. सरळ न्हाणीघरात गेली. बराच वेळ पाण्याचा आवाज नाही, तिचाही नाही. महानंदानं कडी वाजवली.

"काय झालं गं? कामून आलीस?"

दार उघडलं. ब्लाऊज पुढून ओलाचिंब होता.

"शेजारच्या अंगणवाडीत कुणाचं तरी बाळ रडायला लागलं," अनुपमा म्हणाली. "मी फळ्यावर लिहीत होते. लिहीतच राहिले. पोरं म्हणाली, बाई, तुमच्या अंगावर पाणी सांडलंय."

महानंदानं कपाळावर हात मारून घेतला. "माझ्याच हातानं केलं माय मी हे! शतावरी घालायले होते पेल्यात. मला वाटलं, तुझं कुणीच काही केलं न्हाई. लाडू न्हाई, शेक न्हाई…"

पोरगी चिडेल, ओरडेल, पेला भिंतीवर फेकेल असं तिला वाटलं. फेकला असता तर बरं झालं असतं. अनुपमा ओल्या ब्लाऊजवर तळहात ठेवून नुसती उभी होती. मग म्हणाली, "आई, सगळे म्हणतात विसर. अंगानं न्हाई विसरलं बघ."

"मी बाजारातून पत्ताकोबीची पानं आणते. ती बांधली की आटतं. मोगरा बांधतात, पण आता कुठला मोगरा…"

"आटवू नको."

"आगं, मग शाळा?"

"नको मला शाळा. उद्यापण शतावरी टाक. लेकरू मातीत गेलं, कुणी फोटोसुद्धा काढू दिला न्हाई मला. एवढंच हाय माझ्याजवळ."

महानंदाला वाटलं, घालावी. रोज घालावी, मरेपर्यंत घालावी. मग तिला दिसलं पुढचं: दर रडण्याला भिजणारी लेक, बंद दार, मालनबाईंचं तोंड, गेलेला वर्ग, आणि कशासाठी साठलं हे कुणालाच न सांगता येणारं दूध. पिणारं कुणी नाही. तिनं बाजारातून पानं आणली, कपाटातून जुनं मऊ लुगडं काढलं आणि त्याची रुंद पट्टी फाडली.

"हात वर कर."

"आई, नको ना."

"कर म्हणते ना."

अनुपमानं हात वर केले. लहानपणी झबलं घालताना करायची तसे. महानंदानं पानं लावली, वरून पट्टी गुंडाळली.

"घट्ट बांधू नको," अनुपमा म्हणाली.

महानंदानं घट्ट बांधली. सैल बांधून उपयोग नसतो.

दूध आटलं. दत्तरावांची ब्राह्मी आणि अश्वगंधा चालू राहिली. अनुपमा शाळेत जायला लागली. अंगणवाडीचा रस्ता सोडून मागच्या गल्लीतून, वळसा घालून. दिवाळीनंतर शिष्यवृत्तीचा वर्ग तिच्याकडंच राहिला. राजेश्री मॅडमनी मुद्दाम फोन केला, "बघा काकू, मी म्हटलं होतं ना? एवढी तर ती आधीसुद्धा नव्हती. अगदी मशीनसारखी शिकवते." महानंदा "हो, हो" म्हणाली. तोंडातल्या तोंडात.

पट्टी बांधली त्या दिवसापासून लेक आईजवळ बाळाबद्दल एक शब्द बोलली नाही. समोर ठेवलेला पेला प्यायची, विसळून पालथा घालायची, वह्या तपासायला बसायची. महानंदा पदराशी चाळा करत उंबऱ्यात बसून राहायची आणि रोज एकच विचारायची.

"आज काय चुकलं का गं वर्गात?"

"न्हाई."

"जरासुद्धा?"

"न्हाई म्हणले ना आई," अनुपमा म्हणायची, आणि लाल पेन पुढच्या वहीवर न्यायची.