खुशालभाऊची उजवी नाडी

आंबागडच्या तलावाच्या पाळीवर सकाळपासून रांग लागली होती. मेलेला माणूस पाहायची रांग. मेलेला माणूस खुर्चीत बसून चहा पीत होता.

तो आमचा खुशाल. तीन आठवड्यांपूर्वी खळ्यावर धान चुरताना त्याच्या छातीत कळ आली. नागपूरला नेलं, उजव्या मनगटातून बारीक नळी घालून हृदयाच्या बंद नसेत स्टेंट बसवला, चौथ्या दिवशी तो घरी आला. माणूस वाचला, यात कोणाला चमत्कार दिसला नाही. चमत्कार नंतर दिसला.

गावात कफनीवाला एक नाडीमहाराज उतरला होता. पुरुषाचा उजवा, बाईचा डावा हात धरायचा, डोळे मिटायचे, रोग सांगायचा. रोगही ठरलेले: पित्त, नजर, नाही तर शेजारीण. खुशालचा उजवा हात धरला आणि महाराजानं डोळे उघडले.

"नाडी नाही. हा गेलेला आहे."

माजी सरपंच कृष्णरावांनी मनगट दाबून पाहिलं. नव्हती. पन्नास जणांनी पाहिलं, आणि पन्नासही जणांनी उजवंच पाहिलं, कारण पुरुषाची नाडी उजवीकडे, हे आपल्या बापानं आपल्याला सांगून ठेवलेलं. त्या पन्नासांत मीही होतो. लपवत नाही.

मग महाराज रंगात आला. "यम याची नाडी घेऊन गेला. मी माझी देतो." त्यानं स्वतःचा हात पुढे केला. कृष्णरावांच्या बोटांखाली त्याची नाडी आधी चालली, मग मंदावली, मग थांबली. बायका रडायला लागल्या. "आता हा माझ्या नाडीवर जगेल. पथ्य एकच. मेलेल्याच्या तोंडात औषध गेलं, की धागा तुटला."

खुशालच्या बायकोनं, निर्मलाबाईनं, गोळ्यांची पिशवी आपल्या हातानं महाराजाच्या पायाशी ठेवली. रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या गोळ्या. नवा स्टेंट गुठळीनं बंद झाला तर माणूस उभ्याउभ्या जातो. हे त्या कफनीला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची गरजही वाटली नाही. मला शिसारी आली ती याची. नारळ, हार, पाया पडणं चालू होतं, आणि मधे बसलेल्या माणसाचं मरण जवळ येत होतं.

दुसऱ्या दिवशी उपकेंद्रातली मेघा सिस्टर आली.

"भाऊ, गोळ्या घेऊन राहिले ना?"

"मेलेल्याले कायच्या गोळ्या जी," खुशाल हसला. हसणं काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

सिस्टरनं त्याचं उजवं मनगट पाहिलं. मग निर्मलाबाईला म्हणाली, "वहिनी, यांचा डावा हात धरा बरं. अंगठ्याच्या खाली, दोन बोटं."

"डावा बाईचा असते," महाराज कडाडला.

"मंग बाईच पाहून राहिली नं," सिस्टर म्हणाली.

निर्मलाबाईनं बोटं ठेवली. तिचं तोंड बदललं. "सिस्टर, हे तं टकटक करून राहिलं."

"दोन दिवस तुम्ही यांच्यासाठी रडून राहिल्या, अन् हे बाजूच्या हातात चालूच होतं." सिस्टरनं खुशालच्या उजव्या हाताच्या बोटाला क्लिप लावली, कोरोनात साऱ्यांनी पाहिलेली. नाडीचा आकडा आला: शहात्तर. "याही बोटात रक्त येते. नळी जिथून घातली, त्या नसेत गुठळी झाली. काही जणांले होते तसं. तलावाचे दोन पाट धानाच्या बांधीले येतात. एक गाळानं बुजला तं दुसऱ्यानं पाणी येते. करंगळीकडून दुसरी नस येते."

"अन् महाराजाची कशी थांबली मंग?" कृष्णरावांनी विचारलं.

"तुम्हीच पाहा. महाराज, दोन्ही हात वर करून साऱ्यांले आशीर्वाद द्या."

महाराजानं एकच हात वर केला. उजवा अंगाला चिकटलेला.

"तोही करा जी," रांगेतून कोणी तरी म्हणालं, "का तोही यमानं नेला?"

हात वर गेला आणि कफनीतून एक रबरी चेंडू पडून पाळीवरून खाली गडगडत गेला. काखेत कडक वस्तू दाबली की हाताची नस दबते, मनगटाची नाडी थांबते. कोणीही करून पाहावं. तपश्चर्या लागत नाही, काख लागते.

निर्मलाबाईनं महाराजाच्या बैठकीखालून पिशवी ओढून काढली. सिस्टरनं नागपूरच्या डॉक्टरला फोन लावला, त्यानं सांगितल्या तेवढ्या गोळ्या तिथंच दिल्या, आणि खुशालला गाडीत घालून भंडाऱ्याला पाठवलं. मनगटाचंही तिथंच पाहणार होते. गाडी निघाली तेव्हा रांगेतले चार जण महाराजाच्या पाया पडतच होते. एक मला म्हणाला, "चेंडू असन, पन काही तरी शक्ती हायच नं गा."

शक्ती नव्हती. महाराजाला मनगटाबद्दल काही कळत नव्हतं आणि आपल्यालाही नव्हतं. फरक इतकाच की त्याच्या काखेत चेंडू होता. नळी घालून आलात आणि नाडी लागेना, मनगट सुजलं, हात बधिरला, तर दवाखान्यात जा. डॉक्टरनं सांगितल्याशिवाय गोळी बंद करू नका. आणि उद्या कोणी तुम्हाला मेलेलं ठरवलं, तर पाया पडायच्या आधी दुसरा हात पाहा.